वरचे दहा टक्के

गुरुवारी संध्याकाळी सातच्या आत आकडा कळवा,
असं पाटणकर केटरर्सनी तिसऱ्यांदा सांगितलंय.
आकडा म्हणजे ताटं.
बाकी सगळं ठरलंय.
कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतलं कार्यालय,
भिंतींना चिकटपट्टी लावू नये,
अक्षता पायदळी येऊ देऊ नयेत,
दुपारी साडेतीनला हॉल रिकामा करावा.
वधूवरांसह, एवढंच लिहायचं राहिलंय.

ऋजुताची यादी लॅपटॉपवर,
येणारे हिरवे, न येणारे लाल,
"बघतो, जमवतो" म्हणणारे पिवळे.
पुण्यात पिवळेच फार.
माझी यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर,
नाव खोडलं तरी खालून वाचता येतं.

निगडीच्या वन्सं येणार, पण जेवणार नाहीत,
त्यातून काय ते आपण समजायचं.
हडपसरचे सहाजण,
त्यातले दोघे गाडी लावायला जागा शोधत
म्हात्रे पुलापर्यंत जातील
आणि तिथूनच घरी.
शेजारचे काशीकर म्हणाले, आम्ही काय, घरचेच.
म्हणजे किती, ते बोलले नाहीत.
साताऱ्याच्या मंडळींनी एकशे चाळीस लिहून दिलेत,
खाली सहीसुद्धा.

"तीनशे वीस," मी म्हटलं.
"सातशे ऐंशीनं," पाटणकर म्हणाले, "वर दहा टक्के धरू?"
ह्यांनी चष्मा काढला.
पैशांचं बोलणं हे चष्म्याशिवाय ऐकतात.
"दहा टक्के म्हणजे कोण?"
"असतात हो कुणीतरी.
कुणाकडचे, ते विचारायचं नसतं.
विचारलं की पानातलं तूप गोठतं."

शहाऐंशी सालचा फेब्रुवारी, महिनाअखेर.
मेसची कुपनं संपलेली,
मनिऑर्डर लातूरहून निघालेली, किंवा नसेलही.
मी आणि शोभना.
तिची एक रेशमी साडी, माझ्या मावशीची एक,
इस्त्री केली ती गरम तांब्याच्या बुडानं.
टिळक रस्त्यावर सनई ऐकली आणि आत वळलो.
दारात थर्मोकोलची अक्षरं:
कालिंदी, आणि अ, मग रिकामी जागा, मग त.
अनंत, की अच्युत, की अमृत,
मला अजून माहीत नाही.

पंगतीत बसलो.
जिलबी आली तेव्हा शोभनानं माझं मनगट
इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.
तुपाचं तोटीचं भांडं घेऊन एक बाई समोर थांबल्या,
नऊवारीचा काठ ओला,
कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलेलं.
"मुलाकडच्या ना गं तुम्ही?"
मी मान हलवली.
उभी की आडवी, ते आठवत नाही.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
साडीशी न जुळणाऱ्या ब्लाउजकडे पाहिलं,
मग मसालेभातावर तूप.
मग परत तूप.
"मग लाजता काय?
विहीणबाई म्हणतील, आमच्या पोरी उपाशी ठेवल्या."
निघताना दोघींच्या हातात एकेक नारळ.
होस्टेलच्या पायरीवर फोडले,
दोन दिवस तेवढंच खाल्लं.

शोभना आता बेळगावात.
गुडघ्याचं ऑपरेशन, येणं नाही.
मी तिला हिरवीच ठेवायला लावलंय.

हे म्हणत होते तीनशे तीस,
पाटणकर तीनशे बावन्न.
चाळीसवर तुटलं.
फोन ठेवता ठेवता मी म्हटलं,
"अजून दोन."

रात्री ऋजुता पडद्याला नाक लावून बसली.
"आई, या शेवटच्या दोन ओळी कुणाच्या? नावंच नाहीत."
"मुलाकडच्या."
"त्यांच्या यादीत नाहीत या."
"असू देत. उशिरा येतील,
गर्दी ओसरायला लागली की."
"मग रंग कुठला देऊ?"

तेवढ्यात तुळशीबागेतून चुडेवाल्याचा फोन आला,
माप विचारायला.