वास

पलूसच्या बाजार मैदानात चुन्याचा आठ.
"चाकाकडं बघू नको," दस्तगीर मिस्त्री म्हणाले,
"नजर जाईल तिकडं गाडी जाते."
मी खड्ड्याकडं बघितलं.
गेलेच.

परवा लायसनची परीक्षा. पुस्तक पाठ आहे:
पिवळा दिवा, झेब्रा, दोन्ही ब्रेक जोडीनं.
मिस्त्री मात्र गाळणी डिझेलनं धूत
पुस्तकाबाहेरचं विचारतात—
"कारखाना सुरू झालाय. रात्र.
बिनदिव्याची ट्रॉली पुढं. कळणार कसं?"

मी गप्प.

"आधी वास येतो, पोरी. तोडलेल्या उसाचा.
वास आला की मूठ सोडायची."

घरी येताना, कुंडल फाट्याच्या अलीकडं,
वास आला.
मूठ सोडली. आरसा बघितला. दोन्ही ब्रेक, हळू.

रसवंती होती.

थांबलेच आहे तर अर्धा ग्लास घेतला,
हेल्मेट मांडीवर.
समोरून ट्रॉली गेली. मागं नुसतं फडकं.
वास तोच.