धुक्याचं काम

गनेट टिकलला आता कुणी राहत नाही.
न्यूफाउंडलंडच्या नकाशावर एक टिंब होतं,
पुढच्या छपाईत तेही गळलं.
आम्ही मात्र जुलैत येतो, दोन होड्या करून,
विळा, शिदोरी, पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन,
थडग्यांभोवतीचं कुंपण रंगवायला.

सरकारी माणूस आला तेव्हा मी नऊ वर्षांची.
सगळ्यांनी सही केली तरच पैसे, म्हणाला.
सगळ्यांनी केली. शेवटची माझ्या बापाची,
अझराया, देवळाचा घंटावाला.
गळाला आमिष लावताना धरावं
तसं त्यानं पेन धरलं.

घरं ओंडक्यांवरून ढकलत पाण्याशी आणली,
रिकामी पिंपं बांधून भरतीवर सोडली.
आमचं घर खाडी ओलांडून गेलं
तेव्हा खिडकीला पडदे तसेच होते.
चुलीवर किटलीही होती, आई सांगायची.
खोटं असेल.

देऊळ तरंगवायला कुणी धजलं नाही.
पाडलं. फळी फळी मोजून.
वेदीखालच्या तक्तपोशीवर पेन्सिलीनं
बांधणाऱ्या सुतारांची नावं निघाली,
आणि कोपऱ्यात मासळीचा हिशेब:
कॉड इतके क्विंटल, मीठ इतकं, देणं बाकी.
पाद्री हसले.
बाप म्हणाला, मग कुठे ठेवायचा हिशेब?

घंटा नव्या गावी गेली, रस्ते असलेल्या.
तिथं तिला रविवारपुरतं काम.
इथं तिला धुक्याचं काम होतं.
धुकं उतरलं की बाप पुढचं ताट सारून उठायचा,
बाहेर किती होड्या, बोटांवर धरायचा,
एकेक आत आली की एकेक बोट मिटायचा.

एका सप्टेंबरात एक बोट उघडं राहिलं.
थिओफिलस पार्डी आणि त्याचा धाकटा.
दोन रात्री बाप वाजवत राहिला.
तिसऱ्या सकाळी पार्डीची बायको ट्रिफीना
ओल्या गवतातून चालत आली,
त्याच्या हातातून दोर सोडवून घेतला.
सोडवावा लागला, कातडं चिकटलं होतं.
"पुरे, अझराया. झोपू दे त्यांना."

तो दोर कुणी नेला नाही.
नव्या गावात आईनं त्याच्यावर
सव्वीस वर्षं कपडे वाळत घातले.

काल दुपारी धुकं आलं.
भाचा सायलस कॉड धरायला बाहेर.
त्याच्याकडे वाट दाखवणारं यंत्र आहे, बाईच्या आवाजात बोलतं.
मला ठाऊक होतं. तरी हात फावड्याकडे गेला.
देवळाच्या जागी एक लोखंडी शेगडी गंजत पडलीय,
तिच्यावर ठोकत बसले,
सदुसष्ट वर्षांची बाई, डास चावतायत,
कोपराला पांढरा रंग.

इंजिन जवळ आलं आणि बंद झालं.
तिथं, खडकांच्या तोंडाशी, दिसत नव्हता,
पण होता. वल्ह्यावरून थेंब पडल्याचा आवाज यायचा
दोन ठोक्यांच्या मधे.
बराच वेळ तसाच थांबला.

मग होडीचं नाक वाळूला लागलं.
"यंत्र बिघडलं का रे?"
"नाही, आत्या."
आणि बादली उतरवायला लागला.

माझ्या डाव्या हाताचं बोट अजून उभंच होतं.
ते मिटलं. विचारलं, किती मिळाले?
"पाच. कायद्यानं तेवढेच.
हवं तर मोजून घे."
मोजून घेतले.