घटांगचा उतार

मागं सिमेंटच्या चाळीस गोण्या,
बाजूला मुन्सी कासदेकर, तंबाखू मळत, डोळे मिटून.
"ज्या गेरात चढला असता, त्याच गेरात उतर,"
एवढंच बोलला परतवाडा सोडताना.

मी मात्र न्यूट्रल टाकलं. डिझेल वाचते.

चौथ्या वळणाआधी त्याचं नाक हललं.
"लायनर जळून राह्यले."

थांबलो. चाकाला दगड लावला.
ड्रम निवेस्तोवर बोलायला काही नव्हतं.
खाली सागाच्या झाडोऱ्यात
एका ट्रकचं गंजलेलं दार, त्यावर वेल चढलेली.
"कोणाचा व्हय?"
"माहा," म्हणाला,
आणि चिमूट ओठात ठेवली.

दुसरा गेर. इंजिन कण्हत, धरून धरून उतरलं.
वळणावर हॉर्न दिला.
समोर कोणी नव्हतं.
तरी दिला.