करवतीचा एक दात

बुधवारी आंधळगावचा बाजार उठला की
जैतूनबी टोपलं उतरवायची ग्रामपंचायतीच्या ओट्यावर
आणि खिडकीतून म्हणायची,
"मेलेल्याची नोंद मंग करा बाई, आधी हे पाहा."

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी ती.
पँटी, टॉवेल, टेरिकॉटचे सदरे एका गाठोड्यात,
आणि पोटाशी धरून, वेगळा,
उंदरानं कुरतडलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा
कोशाचा एखादा पदर.

काठ आधी उलटा करायचा, हे तिनंच शिकवलं.
खऱ्या करवतीला उलटी बाजू नसते.
तीन धोटे चालतात, एकाचा दोरा दुसऱ्यात अडकतो,
म्हणून लाल आणि पिवळा
इतकी वर्षं भांडूनही सुटत नाहीत.

पवनीकडून आलेल्या एका तुकड्यात
दर वीस दातांनंतर एक दात नव्हता.
ती म्हणाली, चूक.
मी म्हणाले, सही.
दोन उन्हाळे आम्ही यावर भांडलो.
"भांड्यावर नाव टाकते मानूस,
लुगड्यावर कोन टाकते वो?"

मग तुमसरच्या कोणाच्या तरी झोळीतून,
लेकरांच्या मुतानं विटलेलं, अर्धं लुगडं आलं.
तिनं नखानं मोजलं. वीस. मग रिकामी जागा.
त्या दिवशी तिनं चहात साखर टाकलीच नाही,
मलाही कळलं नाही.

डोमाजी निपाने काठावरून बोट फिरवत म्हणाले,
"आमच्या घरचा हात नाही हा."
आणि पुन्हा मोजायला मागितला. पुन्हा.

मी जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं काढली.
धंद्याच्या रकान्यात विणकर, विणकर, विणकर,
मग एका पानापासून मजूर.
अक्षर तेच, शाईही तीच.

आता जैतूनबीचे गुडघे गेले, डोळ्यांत फूल पडलं.
ती मोहाडीला लेकीकडे असते.
मी बुधवारच्या एस्टीनं जाते, दोन्ही तुकडे पिशवीत.
ती नखानं वाचते, थांबते, म्हणते,
"चूकच हाये."
आणि मग, "त्या पहिल्या तुकड्याची परात
अजून देनं हायेस तू मले."

परात घेतली. दुकानदार मशीन हातात धरून,
"नाव काय टाकू?"
काठाकाठानं वीस टिंबं टाक, म्हटलं,
मग एक जागा सोड, मग पुन्हा वीस.

तो म्हणाला, "चूक दिसन ना बाई."