बेहिशेबी

रात्री दोनला सराफ्यातल्या शेवटच्या कढया उतरल्या
की माझी पाळी सुरू होते.
खांद्यावर लोखंडी कांब, कांबेच्या टोकाला पितळी वाटी,
वाटीला माझा उजवा कान.
डावा पंपघरातच राहिला, सत्त्याण्णव साली.

धडधाकट नळ बोलत नाही.
बारीक गळती शिटी घालते,
मोठी घोरते.

तोफखान्यामागे, पिंपळाखाली,
भर चैत्रात जमीन ओली झाली.
चौथ्या दिवशी तिथं शेंदूर,
आठव्या दिवशी घंटा.
नर्मदामैया प्रकटली म्हणे, आपणहून.
देवळे गुरुजींनी डबा ठेवला,
डब्याला कुलूप.

मी कांब टेकवली. खाली कुणीतरी घोरत होतं.
काचनळीत पाणी घेतलं, औषधाचे दोन थेंब.
पिवळं झालं.
"क्लोरीन आहे गुरुजी. पालिकेचं पाणी."
गुरुजी हसले. "असेल भिया. पण नदी कोणती?"

आणि मला बोलता येईना.
नदी तीच होती.
जलूदहून उचललेली,
विंध्याच्या अंगावरून टप्प्याटप्प्यानं,
विजेच्या बिलावर पाय देत वर चढवलेली.
भगीरथाला निदान उतार होता.

कचेरीतल्या वहीत तिच्यासाठी एक रकाना आहे:
बेहिशेबी पाणी.
बाकीचे रकाने शाईनं भरतात,
हा पेन्सिलीनं.

टेकडीवर, शेवटच्या नळाशी,
रेशमबाई डावर बादल्या मांडून बसते.
एक दिवसाआड आधी हवा येते, खोकत,
मग गंज,
मग तीन बादल्या. कधी अडीच.
तिचं माहेर बडवानीकडचं, धरणाखाली गेलं.
"मैया माझ्या मागोमाग आली इंदूरला," म्हणते,
"पण चढावर दमते बिचारी."
मी पिंपळाचं तिला सांगितलं नाही.

खणायच्या दिवशी गुरुजींनीच शेंदराचा दगड
दोन्ही हातांनी उचलून कडेला ठेवला.
आधी नारळ फोडला, मग रस्ता.
पाच फुटांवर बिडाचा जुना नळ,
जोडातलं शिसं झिजलेलं,
आणि फटीत पिंपळाचं मूळ,
उधारी मागायला आलेल्यानं
दारात पाय घालावा तसं.
मूळ तोडलं. पट्टा आवळला.
माती ओढताना एक म्हातारी तांब्या घेऊन आली,
उभी राहिली,
रिकामाच घेऊन गेली.

परवाच्या पाळीला टेकडीवर गेलो.
रेशमबाईची चौथी बादली
काठापासून चार बोटं खाली होती.
पाचवी तिनं मांडलीच नव्हती,
इतकी सवय नव्हती तिला.
पाणी उताराकडे वाहू लागलं तशी
परात आणायला धावली.

वहीत लिहिलं: तोफखाना, एक गळती बंद.
पेन्सिलीनंच.
परतताना चार पावलं टाकली,
हाताच्या खोडीनं कांब टेकवली.

शिटी.