भाड्याचा षड्ज

शुक्रवारी सहा ते आठ लाइट नसते.
तेवढ्यात आम्ही बसतो
कादराबादेत, केरबा घोडकेच्या दुकानावरच्या खोलीत.
खाली पेट्यांची उघडी पोटं,
वर आम्ही चौघं आणि इन्व्हर्टरचा एक बल्ब.

पहिलं व्हायोलिन एस्तेरबाई रणपिसे.
मिशनच्या शाळेत भूगोल शिकवतात,
भिंतीवर नकाशा टांगावा तसा गज उचलतात.
दुसरं मुजीबचं; त्याच्या वालिदचा बँड
जाफराबादपर्यंत वराती गाजवायचा.
चेलो केरबाचा.
दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीमागं सापडलेला,
पोटाला चीर, आत उंदरांचा संसार.
त्यानं आतून सागाची पट्टी चिकटवली
आणि पाच वर्षं कुणाला कळू दिलं नाही
की आपल्याला हे वाजवायचंय.

मी व्हिओला.
दिवसभर बियाण्यांच्या प्रयोगशाळेत
ओल्या कागदावरचे मोड मोजतो,
शंभरात ब्याण्णव, शंभरात अठ्ठ्याऐंशी.
ती सवय इथं उपयोगी पडते.
अकरा घरं रिकामी,
बाराव्यात एक सूर, तोही दुसऱ्याच्या सावलीत.

बंदिश सव्वादोनशे वर्षांपूर्वीची, तिकडची.
आमच्याकडं तिची झेरॉक्स, चौथ्या पिढीची,
काही ठिपके सुराचे, काही माशीचे.
पहिल्या दिवशी मी तानपुरा शोधत होतो.
गुरुजींकडं बारा वर्षं षड्ज म्हणजे उंबरा,
कुठंही जा, ठेच तिथंच.
इथं षड्ज भाड्यानं राहतो.
पान उलटलं की बिऱ्हाड हलवतो,
भांडी वाजतात, दारं लागतात,
आणि शेवटी जुन्याच मालकाच्या ओसरीवर
पिशवी टेकवून बसतो,
जसं काही कुठं गेलाच नव्हता.

मींड काढली की एस्तेरबाई चष्म्यावरून बघतात.
"पायरीनं उतरा. घसरू नका."

पहिल्या भागात भांडण आहे,
पण कुणी कुणाचं वाक्य तोडत नाही.
बाई मुद्दा मांडतात, मुजीब जरा लवकरच हो म्हणतो,
केरबा खालून नुसतं "हं".
तीन मात्रांच्या नाचात मुजीबचा पाय
गुपचूप दादऱ्यात जातो,
खांदा वरातीत.

आणि संथ भागात, आठ घरं,
चाल माझ्याकडं येते.
टँकरपासून मोरीपर्यंत
घागर हातोहात सरकते ना,
तशी, मधल्या माणसाच्या हातात
क्षणभर, काठोकाठ.
मग पुढं द्यायची.
सांडली नाही एवढंच माझं.

परवा चर्चच्या आवारात वाजवलं. माणसं एकोणीस.
शेवटच्या भागात रचणाऱ्यानं खोडी करून ठेवलीय:
सूर संपतो, टाळ्या पडतात,
चाल पुन्हा डोकं काढते.
परत संपते. परत टाळ्या, जरा बिचकत.
तिसऱ्यांदा खरंच संपलं
तेव्हा कुणीच वाजवली नाही.
आम्ही गज हवेत धरून,
ते हात मांडीवर धरून.
मागून एक म्हातारा, "सरलं का आणखी हाय?"

एस्तेरबाई हसल्या.
मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात लाइट आली.
कंपाउंडमागं बोअरची मोटर सुरू झाली,
काळी एकच्या जरा खाली, सलग.
मुजीब पेटी बंद करत होता.
मी माझी जाड तार
हळूच तिला लावून पाहिली.