खिशांचं कापड

यूटिकात मार्चमध्येही बर्फ असतो,
काळवंडलेला, फुटपाथच्या कडेला,
उधारी मागायला आलेला कुणी
दारातच बसून राहावा तसा.

वर्षातून दोनदा आम्ही जमतो
बंद गिरणीच्या वरच्या मजल्यावर,
पाच ब्लुमेनक्रान्झ, एक वकील, थर्मासमधली कॉफी.
मी सगळ्यांत धाकटी, म्हणून टिपणं माझ्याकडे.

आजोबा खिसे विकायचे.
म्हणजे खिशांचं अस्तर:
कामगारांच्या विजारींना आतून लागतं ते
जाड, मळखाऊ, कुणालाच न दिसणारं कापड.
चाळीस वर्षं अनोळखी हात त्यात शिरले,
किल्ल्या, चिल्लर, पगाराची पाकिटं घेऊन,
आणि आमची घरं उभी राहिली.

कायदा म्हणतो, वर्षाला शेकडा पाच तरी द्या.
पिनेली वकील चष्मा पुसत दर वेळी हे सांगतात
आणि फ्रेडाआत्या दर वेळी ऐकवते,
"पाच ही जमीन आहे, छत नाही."

छतावरून आठवलं: सिनेगॉगचं गळतंय.
प्रार्थनेला दहा लागतात.
हल्ली नऊ येतात, कोट न काढता
दहाव्याची वाट बघत बसतात.
"नऊ माणसांसाठी एवढं छप्पर?" एझ्रा विचारतो.
तो प्रत्येक अर्जाला डॉलरमागे किती, असं विचारतो.
अन्नछत्राच्या फ्रीजलाही त्यानं विचारलं होतं.
"पाऊस काय डोकी मोजून पडतो?" आत्या म्हणाली.
निम्मे पैसे मंजूर.

ब्लीकर स्ट्रीटवरच्या शिवणवर्गाला मात्र पूर्ण.
करेन बायका आहेत, बर्मातून आलेल्या,
छावणीत पंधरा पंधरा वर्षं काढून.
त्यांना सहा मशिनं हवीत.
या मजल्याखाली एकेकाळी एकशे दहा होती.

आजोबा सांगायचे, आपल्याकडे दान म्हणत नाहीत,
जो शब्द आहे त्याच्या मुळाशी न्याय आहे.
सांगता सांगता स्वयंपाकघरातल्या निळ्या डब्यात
शुक्रवारचं नाणं टाकायचे, मेणबत्त्यांच्या आधी.
गिरणी बंद केली तेव्हा खालच्या बायकांना
दोन आठवड्यांचा पगार दिला.
त्याला काय म्हणायचं, ते मी कधी विचारलं नाही.
टिपणातही लिहिलेलं नाही.

शेवटचा अर्ज हातानं लिहिलेला,
निळ्या शाईत, रेघा सोडून वर चढत गेलेला.
हिंडा रोझोव्स्की, वय एक्क्याऐंशी, अंत्यविधी मंडळ.
"लिननचे भाव वाढले आहेत.
वर्षाला साधारण चौदा कफनं लागतात,
गेल्या वर्षी एकोणीस लागली.
आम्ही हातानं शिवतो, दोऱ्याला गाठ मारत नाही.
तुमच्या आजोबांचं मीच शिवलं.
त्याला खिसा नसतो, हे तुम्हाला
मी काय सांगायचं.
एकूण नऊशे चाळीस डॉलर. जमलं तर."

रेडिएटर खडखडला.
एझ्रानं डॉलरमागे किती, असं विचारलं नाही.

पिनेली म्हणाले, यात अडचण काहीच नाही,
एक साधा फॉर्म आहे.
"हे फाउंडेशनमधून नको," आत्या म्हणाली
आणि पर्स टेबलावर पालथी केली:
नोटा, रुमाल, दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी.
मग एकेक जण उठला, हात आत घातले.
पिनेलींनी वीस ठेवले. ते दर रविवारी
दुसऱ्याच देवाकडे जातात.
माझ्याकडे अकरा होते, आणि बसचा पास.

सातशे बावीस भरले.
उरलेले आत्या उद्या बँकेतून काढेल.
या पैशांवर करसवलत नाही,
यांना माझ्या वहीत रकानाही नाही.

दिवे मालवून आम्ही जिना उतरलो.
एझ्रा पुढे होता.
त्याचा उजवा खिसा उलटाच राहिला होता,
बाहेर लोंबत,
पांढरट, मळखाऊ.
मी त्याला सांगितलं नाही.